गाडीतला एसी, पेट्रोलचा वास आणि कपाशीची फवारणी: बेंझिनबद्दल खरं काय, खोटं काय?

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. उन्हात उभ्या गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका, डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून बेंझिन नावाचा विषारी वायू निघतो आणि त्याने कॅन्सर होतो, असा त्याचा मजकूर. इंग्रजीत हा मेसेज पंधराएक वर्षांपासून फिरतोय. मराठीत, हिंदीत त्याची नवीन नवीन रूपं येत राहतात. शेवटी "सर्वांना पाठवा" असतंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, केमिकलवाला नाही. पण मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, त्यामुळे फॅमिली ग्रुपवर हा मेसेज आला की "खरं आहे का रे हे?" असा प्रश्न माझ्याकडे येतो. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण मेसेजमधलं बेंझिन खरं आहे, त्याचा धोकाही खरा आहे, फक्त पत्ता चुकलेला आहे. ज्या ठिकाणी बेंझिनची काळजी करायला हवी तिथे कोणी मेसेज पाठवत नाही. म्हणून हा लेख.

आधी मेसेज तपासू

त्या मेसेजच्या मूळ इंग्रजी रूपात आकडे दिलेले आहेत. बंद जागेत बेंझिनची चालणारी पातळी म्हणे ५० मिलिग्रॅम प्रति चौरस फूट. सावलीतल्या बंद गाडीत ४०० ते ८०० मिलिग्रॅम, आणि १६ अंश सेल्सिअसच्या वर तापमान असेल तर २,००० ते ४,००० मिलिग्रॅम.

पहिली गडबड युनिटची. हवेतला वायू चौरस फुटात मोजत नाहीत. हवा ही जागा व्यापते, त्यामुळे मोजमाप घनमीटरमध्ये होतं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: जिथे नंबर हवा तिथे स्ट्रिंग दिलं, तर पुढचा कोड कितीही सुंदर असो, उत्तर चुकणारच.

दुसरी गडबड तापमानाची. १६ अंश म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ. मेसेज खरा धरला तर विदर्भातली प्रत्येक गाडी वर्षातले बहुतेक दिवस विषाची पेटी ठरेल.

तिसरं, साधा हिशोब. गाडीच्या आत साधारण ३ घनमीटर हवा असते असं धरा. त्यात ४,००० मिलिग्रॅम बेंझिन म्हणजे घनमीटरला १,३०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजेच ४०० पीपीएमच्या आसपास. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग. अमेरिकेत कामगारांसाठी ८ तासांच्या सरासरीची मर्यादा १ पीपीएम आहे, आणि ५०० पीपीएम ही जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी मानतात. इतकं बेंझिन गाडीत असतं तर दार उघडताच उग्र वास आला असता आणि डोकं गरगरलं असतं.

गाडीच्या आत थोडंफार बेंझिन सापडतं हे खरं. पण ते मुख्यतः पेट्रोलच्या वाफेतून आणि रस्त्यावरच्या धुरातून येतं. तापलेल्या गाडीच्या काचा दोन मिनिटं उघडायला हरकत नाही, त्याने गरम हवा बाहेर जाते. बंद गाडीत लहान मूल ठेवू नका, कारण तिथला खरा जीवघेणा धोका उष्णतेचा आहे.

बेंझिन म्हणजे नेमकं काय?

कार्बनचे ६ अणू षटकोनी कड्यात बसलेले, प्रत्येकाला हायड्रोजनचा एकेक अणू. मायकल फॅरडेने १८२५ मध्ये लंडनमध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं. दिव्यांसाठी वापरायच्या गॅसच्या टाक्यांत जो तेलकट द्रव उरायचा, त्यात ते त्याला सापडलं. ते कडं आहे ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६५ मध्ये मांडली.

दिसायला पाण्यासारखं, वास थोडा गोडसर, ८० अंशांना उकळतं, पण त्याच्या खूप आधीपासून भराभर उडत राहतं. लगेच पेट घेतं.

आणि ते तुमच्या आजूबाजूला कुठे आहे? थर्मोकोल बनतं पॉलिस्टायरीनपासून, त्याचा कच्चा माल बेंझिनपासून येतो. कीबोर्डचं कडक एबीएस प्लास्टिक, नायलॉन, रंग, कपडे धुण्याच्या पावडरमधला फेस करणारा घटक, सगळ्यांच्या साखळीत बेंझिन आहे. हातातल्या फोनच्या सर्किट बोर्डात जे इपॉक्सी असतं, त्याची साखळीही मागे बेंझिनपर्यंत जाते.

मग फोन धोकादायक झाला का? नाही. बेंझिनपासून बनलेली वस्तू आणि मोकळं बेंझिन यात फरक आहे. कडं एकदा मोठ्या रेणूत पक्कं बसलं की ते बेंझिनसारखं वागत नाही. ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉलमध्येही हे कडं आहे.

धोका फोन वापरणाऱ्याला नसला तरी बनवणाऱ्याला होता. चीनमधल्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक्सचे भाग साफ करायला बेंझिन असलेली द्रावणं वापरली जातात, यावरून कामगार संघटनांनी मोहीम चालवली. त्यानंतर ऑगस्ट २०१४ मध्ये ॲपलने आयफोन-आयपॅडच्या अंतिम जोडणीत बेंझिन आणि एन-हेक्झेन वापरण्यावर बंदी घातली. पुढची गोष्ट समजायला हे उदाहरण लक्षात ठेवा. वस्तू वापरणारा एक, वाफ घेणारा दुसरा.

शरीरात काय होतं?

बेंझिन मुख्यतः श्वासातून आत जातं, थोडं त्वचेतूनही. यकृत त्याला बाहेर टाकायच्या प्रयत्नात त्याचं रूपांतर करतं, आणि तयार झालेले काही पदार्थ अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे, नुकसान करतात. सतत आणि जास्त संपर्क राहिला तर पांढऱ्या पेशी कमी होतात, ॲनिमिया होतो आणि काही जणांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बेंझिनला पहिल्या गटात टाकते. म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे.

पण "पहिला गट" म्हणजे पुरावा किती पक्का आहे, एका वासाने किती नुकसान होतं हे नाही. तो आकडा वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हवेत आयुष्यभर सरासरी १.७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर बेंझिन असेल, तर १ लाखात १ जणाला ल्युकेमियाचा जादा धोका. १७ असेल तर १० हजारात १. पूर्णपणे सुरक्षित अशी पातळी सांगता येत नाही, असंही संघटना म्हणते. म्हणून तीन प्रश्न विचारायचे: किती, किती वर्षं आणि कोणत्या वाटेने.

नाकावर विसंबू नका. बेंझिनचा वास साधारण १.५ पीपीएमच्या पुढे जाणवायला लागतो. मायक्रोग्रॅममध्ये ते घनमीटरला जवळपास ४,८०० होतात. वास नाही म्हणजे बेंझिन नाही, असं अजिबात नाही.

एक्यूआय हिरवा आहे, मग बेंझिन?

आता फोनकडे येऊ. वेदर ॲपमध्ये एक्यूआय दिसतो. हिरवा असला की आपण निर्धास्त.

भारतात हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानकं १८ नोव्हेंबर २००९ ला जाहीर झाली. त्यात १२ प्रदूषक आहेत आणि बेंझिन त्यातलं एक. त्याची मर्यादा वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. वरच्या हिशोबाने बघितलं तर ही मर्यादा पाळली तरी आयुष्यभरात लाखात सुमारे ३ जणांचा जादा धोका राहतो.

पण २०१५ मध्ये सुरू झालेला आपला राष्ट्रीय एक्यूआय ८ प्रदूषकांवरून काढतात: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. बेंझिन त्यात नाही. म्हणजे कायद्यात मर्यादा आहे, काही स्वयंचलित केंद्रांवर मोजणीही होते, पण फोनवरच्या एका आकड्यात त्याचा हिशोब नाही. हिरवा रंग बेंझिनबद्दल काहीच सांगत नाही.

शिवाय बरीच ॲप्स जिथे मोजणी केंद्र नाही त्या गावाचाही आकडा दाखवतात. तो उपग्रहाच्या डेटावरून आणि मॉडेलवरून काढलेला अंदाज असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपमध्ये निदान केंद्राचं नाव तरी दिसतं. ज्या सर्व्हरवर लॉगच लिहिले जात नाहीत, तिथे एररही दिसत नाही. त्याला कोणी स्थिर सर्व्हर म्हणत नाही.

पंप आणि गॅरेज

साध्या माणसाचा मोकळ्या बेंझिनशी संबंध येतो तो सिगारेट-बिडीच्या धुरातून, चुलीच्या धुरातून आणि पेट्रोलमधून. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिनची मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे. ऐकायला कमी वाटतं, पण १० लिटरच्या टाकीत ते १०० मिलिलिटरपर्यंत जाऊ शकतं.

तुम्ही आठवड्यातून एकदा दोन मिनिटं पंपावर उभे राहता. पाइप धरणारा मुलगा रोज ८-१० तास तिथेच असतो. टाकीत पेट्रोल पडताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते, आणि ती त्याच्या तोंडासमोर येते. ही वाफ परत खेचून घेणारी यंत्रणा असते. जानेवारी २०२० च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल विकणाऱ्या नवीन पंपांना ती बसवायला सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला १० हजार लिटर. वणी-पुसदसारख्या गावांचं सोडा, आत तालुक्याच्या रस्त्यावरचे लहान पंप या आकड्याच्या आसपासही जात नाहीत. पंप लहान, वाफही कमी, हे मान्य. पण तिथे पाइप धरणाऱ्याचं तोंड टाकीपासून तितकंच जवळ असतं.

गॅरेजमध्ये कार्बोरेटर पेट्रोलने धुतात, मग ग्रीस काढायला हातही पेट्रोलनेच धुतात. बाइकमधून पेट्रोल काढायला तोंडाने नळी ओढतात. हे सगळं आपण इतकं बघितलंय की चुकीचं वाटतच नाही.

"औषध" फवारायला चाललो

यवतमाळच्या माणसाशी रसायनांच्या धोक्याबद्दल बोलायचं तर २०१७ टाळून चालणार नाही. त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ८०० च्या वर लोकांना उपचार घ्यावे लागले. कोणाला दिसेनासं झालं, कोणाला उलट्या, कोणाचा श्वास अडकला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले होते. राज्य सरकारने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली.

स्पष्ट सांगतो: ती बेंझिनची विषबाधा नव्हती. मग इथे ती का? कारण कीटकनाशकांच्या दुनियेत बेंझिनची नातेवाईक मंडळी भरपूर आहेत, आणि नावावरून धोका ओळखायला गेलं तर कसं फसायला होतं हे इथे नीट दिसतं.

बंदी आलेल्या पाचांपैकी एक होतं प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण. दोघांच्याही रेणूत बेंझिनचं कडं आहे. त्याच यादीतल्या मोनोक्रोटोफॉसमध्ये ते कडं नाहीच, तरी ते इतकं जहाल की २००५ पासून भाजीपाल्यावर वापरायला देशात मनाई आहे. आणि आजोबांच्या काळात धान्याच्या कोठीत टाकायची ती बीएचसी पावडर आठवते? पूर्ण नाव बेंझिन हेक्झाक्लोराइड. बेंझिन आणि क्लोरीनपासून बनायची, १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. गंमत म्हणजे नावात बेंझिन असून तिच्या रेणूत ते कडं बेंझिनचं राहिलेलंच नसतं.

प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस मारतात ते वेगळ्या वाटेने. नसांकडून स्नायूंकडे निरोप गेला की तो पुसून टाकणारं कोलिनएस्टरेज नावाचं विकर शरीरात असतं. ही द्रव्यं तेच बंद पाडतात. निरोप पुसला जात नाही, शरीर थांबत नाही. घाम, लाळ, बारीक झालेली बुबुळं, शेवटी श्वास बंद. बेंझिनचा परिणाम दिसायला वर्षं जातात, याला काही तास पुरतात.

बाटलीतलं द्रावकही बघा. ज्या कीटकनाशकांच्या नावापुढे "ईसी" लिहिलेलं असतं आणि पाण्यात टाकल्यावर जी दुधासारखी पांढरी होतात, त्यांत मूळ द्रव्य बऱ्याचदा झायलीन किंवा त्याच जातीच्या द्रावकात विरघळवलेलं असतं. झायलीन म्हणजे बेंझिनच्या कड्याला दोन जोड दिलेलं भावंड. ते बेंझिनइतकं रक्तावर जात नाही, पण डोकं दुखवतं, त्वचेवरचं तेल काढून टाकतं आणि सोबतच्या विषाला आत जायची वाट सोपी करतं. ओला शर्ट दिवसभर अंगावर ठेवणं म्हणजे दिवसभर थोडं थोडं विष आत घेणं.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, हवा दमट होती, जास्त दाबाचे पंप आले होते, दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. फवारा वर मारायचा आणि तो स्वतःच्याच तोंडावर पडायचा. कोलिनएस्टरेजची रक्त तपासणी जिल्ह्यात वेळेवर मिळत नव्हती, हेही तेव्हाच्या वार्तांकनात आलं होतं. म्हणजे विष कोणतं आणि किती, हे मोजायची सोय ज्याला हवी त्याच्याजवळ नव्हती.

यातलं एक प्रकरण थेट स्वित्झर्लंडला पोहोचलं. सिंजेंटाच्या पोलो या कीटकनाशकामुळे विषबाधा झाली असा दावा करत जून २०२१ मध्ये यवतमाळमधल्या एका वाचलेल्या शेतकऱ्याने आणि दोन मृतांच्या पत्नींनी बासेलमध्ये दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पोलोमधलं डायफेन्थ्युरॉन स्वित्झर्लंडमध्ये वापरायला मनाई आहे, आपल्याकडे ते विकलं गेलं.

आणि शब्दाचंही बघा. आपल्याकडे कीटकनाशकाला "औषध" म्हणतात. "औषध मारायला चाललो" म्हटल्यावर हातमोजे कोणाला आठवतील? बाटलीवर रंगीत चौकट असते: लाल, पिवळी, निळी, हिरवी, उतरत्या विषारीपणाने. हिरवी म्हणजे सुरक्षित नाही, चौघांत कमी विषारी इतकंच. एक्यूआयचा हिरवा आणि बाटलीचा हिरवा, दोन्हीकडे आपण तीच समजूत करून घेतो.

मग तुम्ही काय करायचं?

• पंपावर टाकीच्या तोंडाशी वाकून बघू नका, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून दोन पावलं मागे उभे राहा. ऑटो-कट झाल्यावर "राउंड फिगर कर" म्हणू नका.

• पेट्रोलने हात धुऊ नका, तोंडाने नळी ओढू नका. हातपंप स्वस्तात मिळतो.

• पिंपल्सच्या क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर ट्यूब उन्हात किंवा बाइकच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने त्यातून बेंझिन तयार होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये ९५ उत्पादनांच्या तपासणीचा निकाल दिला. ९० टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेंझिन आढळलं नाही किंवा अगदी नगण्य होतं, मोजकी बाजारातून परत घेतली गेली. घाबरायचं कारण नाही, पण मुदत संपलेली ट्यूब फेकून द्या.

• घरात कोणी पंपावर, गॅरेजमध्ये किंवा रंगकामात वर्षानुवर्षं असेल तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा आणि वर्षातून एकदा सीबीसी करून घ्यायचं का ते विचारा. रक्तपेशी कमी होत असतील तर या साध्या तपासणीत दिसतं.

• घरी फवारणी होत असेल तर बाटलीच्या लेबलचा आणि आतल्या पत्रकाचा फोटो काढून ठेवा. पत्रकावरची अक्षरं मुंगीएवढी असतात, फोनवर झूम करून घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यात उतारा काय द्यायचा हेही लिहिलेलं असतं. विषबाधेची शंका आली तर कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि तो फोटो डॉक्टरांना दाखवा. "कोणतं औषध मारलं?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर त्या क्षणी रुग्णाला देता येतंच असं नाही.

गाडीतल्या एसीचा मेसेज फॉरवर्ड करायला तीन सेकंद लागतात. लेबलचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायलाही तेवढेच लागतात. पुढची फवारणी सुरू होण्याआधी तो टाका.